प्रोजेक्टरवर सगळ्याच फोडींत साका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : सार्वजनिक कार्यक्रमांत वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टरची रंगजुळणी

यंदा माघ महिन्यात आमच्या किनारपट्टीवरील एका गावात आंबा बागायतदारांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. शाळेचे सभागृह, दुपारचे तीन वाजलेले, साठ-सत्तर बागायतदार आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेली चित्रे, असा सारा थाट होता. वक्ते जाणकार होते आणि विषयही आमच्या पोटापाण्याचा होता, तो म्हणजे हापूसमधील साका. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत फिकट, स्पंजासारखा गर निघतो आणि ज्याला पेटी विकली त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते, हे कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको. वक्त्यांनी सहा फोडींचे एक चित्र दाखवले आणि यांपैकी कोणत्या फोडींत साका आहे ते ओळखा, असे सांगितले. सभागृहातून एकच उत्तर आले, ‘सगळ्याच!’ वक्ते गोंधळले, कारण त्यांच्या लॅपटॉपवर चार फोडी चांगल्या केशरी होत्या आणि दोनच फिकट होत्या. भिंतीवर मात्र सहाही फोडी सारख्याच मातकट, किंचित हिरवट पिवळ्या दिसत होत्या. पुढे मोहोरावरील भुरी या रोगाचे चित्र आले, त्यात भुरीचा पांढरा थर आणि फिकट मोहोर यांचा एकच पांढरा गोळा झाला होता. पानांवर काळपट ठिपके पाडणाऱ्या करपा रोगाचे चित्र येईपर्यंत मागच्या दोन रांगा चहाला गेल्या होत्या.

माझी स्वतःची चाळीसेक कलमे आहेत, पण त्याआधी एकतीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे कार्यक्रमानंतर ‘मशीन जुने झाले, आता नवे मागवायला हवे’ अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा मला राहवले नाही. यंत्रात बिघाड नव्हता. ते खोक्यातून काढल्या दिवशी ज्या स्थितीत होते, त्याच स्थितीत चार वर्षे चालवले जात होते, एवढेच. भजनाला बसण्याआधी पखवाजाला कणीक लावून तो स्वराला मिळवला जातो. त्यात पंधरा मिनिटे गेली तरी कोणी कुरकुर करत नाही, कारण न मिळवलेला पखवाज कानाला सहन होत नाही. प्रोजेक्टर मात्र आपण तसाच वाजवतो. कोकणातील शाळांत, वाचनालयांत आणि ग्रामपंचायतींत देणगीतून किंवा निधीतून यंत्रे आली, पण प्रत्येक यंत्र त्या त्या सभागृहाशी मिळवून घ्यावे लागते, हे सांगणारे कोणी त्यांच्याबरोबर आले नाही. मुख्याध्यापकांच्या परवानगीने एका रविवारी सभागृहाची किल्ली घेऊन, शाळेचे शिपाई आणि नववीतील दोन मुले यांच्या मदतीने मी ते काम केले. त्यात जे हाती लागले ते इतर गावांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला दोष मेनूतील चित्रप्रकाराचा निघाला. यंत्र ‘डायनॅमिक’ या प्रकारावर होते. काही यंत्रांत त्यालाच ‘ब्राइट’ म्हणतात. हा प्रकार दुकानासाठी असतो असे म्हटले तरी चालेल. ट्यूबलाइटच्या झगझगाटात चार यंत्रे शेजारी शेजारी चालू असली की गिऱ्हाईक सर्वांत उजळ यंत्राकडे वळते, आणि उजेड वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रंगांकडे दुर्लक्ष करणे. या यंत्रांतील नेहमीचा दिवा पाऱ्याच्या वाफेचा असतो. त्याचा प्रकाश हिरव्या-पिवळ्या भागात भरभक्कम आणि तांबड्यात तोकडा असतो. खरा पांढरा मिळवायचा तर जास्तीचा हिरवा अडवावा लागतो आणि तो अडवला की एकूण उजेड घटतो. ‘डायनॅमिक’मध्ये तो अडवलाच जात नाही, म्हणून पांढरा कागदसुद्धा शेवाळल्यासारखा दिसतो. गंमत अशी की आपल्या डोळ्यांना या हिरवटपणाची पाच-दहा मिनिटांत सवय होते आणि यंत्राशेजारी बसलेल्या माणसाला सारे ठीकच वाटते. दारातून उशिरा आत येणाऱ्याला तो दोष चटकन कळतो. पण उशिरा आलेल्याचे कोण ऐकतो?

दुसरा दोष यंत्राच्या रचनेतच होता, मात्र तोही सौम्य करता येतो. आमचे यंत्र सूक्ष्म आरशांच्या जातीचे आहे. १९८७ साली लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जी चिप शोधून काढली, तिच्यावर ही जात उभी आहे. १०२४ गुणिले ७६८ टिंबांच्या (पिक्सेलच्या) यंत्रात ७ लाख ८६ हजारांहून अधिक आरसे असतात आणि प्रत्येक आरसा आपल्या वाट्याच्या टिंबाचा उजेड पडद्याकडे पाठवतो किंवा बाजूला वळवतो. या आरशांना स्वतःचा रंग नसतो. दिव्यासमोर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांची एक चकती गरगर फिरत असते आणि तीन रंग इतक्या झपाट्याने एकामागून एक येतात की डोळ्यांना ते एकत्रच दिसतात. कार्यालयीन वापराच्या बऱ्याच यंत्रांत या चकतीला एक चौथा, बिनरंगाचा भागही जोडलेला असतो. त्यामुळे पांढऱ्याला जादा उजेड मिळतो, पण तांबडा आणि हिरवा मिळून होणाऱ्या पिवळ्याला तो मिळत नाही. चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना सांगत असे की कोणताही रंग शेजाऱ्यावरून ओळखला जातो. भगभगीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवलेला तोच पिवळा मग मोहरीच्या पेंडीसारखा मळका दिसतो. आमच्या फोडी पांढऱ्या ताटलीत ठेवून टिपलेल्या होत्या, हे येथे लक्षात घ्यावे. मेनूत ‘ब्रिलियंट कलर’ किंवा ‘व्हाइट पीकिंग’ अशा नावाचा आकडा असेल तर तो खाली आणावा आणि चित्रप्रकार ‘सिनेमा’, ‘नॅचरल’ किंवा ‘एसआरजीबी’ ठेवावा. आम्ही हा आकडा दहावरून दोनवर आणला, तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, ‘सर, आता आंबा पिकला.’

उजेड कमी झाला, मागच्यांना दिसणार कसे, अशी शंका लगेच शिपायांनी काढली आणि ती रास्तही होती. तिचे उत्तर मेनूत सापडत नाही, ते भिंतीवर शोधावे लागते. आमचे चित्र नऊ फूट रुंद पडत होते, कारण भिंत तेवढी होती. ते सहा फुटांवर आणले. नऊ फुटी चित्रात तोच उजेड सव्वादोन पट जागेवर पसरलेला असतो, त्यामुळे चित्र लहान केल्याबरोबर गमावलेला सारा उजेड परत आला आणि वर थोडा उरलाही. मागच्या रांगेतील माणसाला मोठे, पण धुरकट चित्र दिसण्यापेक्षा बाके पुढे ओढणे बरे.

काळ्या रंगाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळा म्हणजे जेथे उजेड पाठवलेला नाही ती जागा, आणि ती जागा खोलीत असेल तितकीच अंधारी दिसणार. भर दुपारी पश्चिमेच्या खिडक्यांतून समुद्रावरची तिरीप आत येत असेल, तर भिंत जितकी उजळ तितका आपला काळा उजळ, आणि मग करप्याचा काळपट ठिपका पानावर उमटणार कोठून? त्यावर उपाय म्हणून त्या दिवशी खिडक्यांना पावसाळ्यात पडवीला लावतात ती निळी ताडपत्री बांधली होती. अंधार थोडा झाला, पण जो उजेड आत आला तो सगळा ताडपत्रीतून गाळून, निळा होऊन आला. पिवळ्या फोडीवर निळा उजेड पडला की ती राखाडीकडे झुकते, हे शाळकरी मुलालाही पटेल. खिडकीला लावायचे ते जाड काळे कापड किंवा गोणपाट, आणि तेही मिळत नसेल तर कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवावा. आमच्या सभागृहाच्या भिंतीही फिकट पोपटी डिस्टेंपरच्या होत्या, म्हणजे यंत्राने पाठवलेल्या प्रत्येक पांढऱ्याला आधीच पोपटी झाक होती. काही यंत्रांत भिंतीचा रंग निवडून तो दोष काटण्याची सोय असते, पण सहा फुटांपुरता बिनचकाकीचा पांढरा चुना किंवा पांढरा डिस्टेंपर फासणे हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. चादर टांगायची असेल तर ती ताणून बांधावी आणि मागे गडद कापड लावावे. नाहीतर मागचा उजेड तिच्यातून आरपार येतो आणि खाऱ्या वाऱ्याने ती फुगली की वक्त्याच्या आलेखालाही लाटा येतात.

आता बटणांकडे वळतो. यांत नावांनी फार घोळ घातला आहे. ‘ब्राइटनेस’ वाढवला की चित्र उजळते असे सर्वांना वाटते, पण त्याचा खरा परिणाम काळ्या टोकाला दिसतो : काळ्याचे राखाडी होते आणि चित्रावर धुके पसरते. पांढरे टोक ‘कॉन्ट्रास्ट’च्या हातात असते, आणि ते प्रमाणाबाहेर वाढवले की उजळ छटा एकमेकींत विरघळून जातात. आमच्या भुरीचा गोळा यामुळेच झाला होता. जुळणीसाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. संगणकावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या वीस-बावीस राखाडी पट्ट्यांची एक चौकट तयार करावी आणि ती पडद्यावर टाकावी. ब्राइटनेस इतका खाली आणावा की काळ्या टोकाचे दोन-तीन पट्टे एकमेकांत मिसळतील, मग तो एकेक अंशाने वाढवत सर्वांत काळ्याशेजारचा पट्टा जेमतेम वेगळा दिसू लागला की तेथे थांबावे. कॉन्ट्रास्ट याच्या उलट, पांढऱ्या टोकाकडून लावावा. एकाने दुसरा थोडा हलतो, म्हणून ही फेरी दोनदा करावी लागते. हे सारे दिवा लावल्यानंतर वीसेक मिनिटांनी करावे, कारण तापेपर्यंत दिव्याचा उजेड आणि रंग स्थिरावत नाही.

काही केल्या पट्टे वेगळे होईनात तर दोष बटणांचा नसून निरोपाचा असू शकतो. संगणक काळ्या-पांढऱ्याची मोजणी ० ते २५५ अशी करतो, तर चित्रवाणीच्या जगात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरण्याची रीत आहे. संगणकाने एका रीतीने पाठवले आणि एचडीएमआय केबलच्या दुसऱ्या टोकाला यंत्राने ते दुसऱ्या रीतीने वाचले, तर दोन्ही टोकांच्या छटा छाटल्या जातात किंवा सारे चित्र फिकुटते. मेनूत ‘एचडीएमआय रेंज’ किंवा तत्सम नावाखाली ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असे पर्याय असतात. दोन्ही लावून पट्टे पाहावेत, योग्य कोणता ते दिसतेच.

‘कलर टेम्परेचर’ या नावाखाली ६५०० आणि ९३०० असे आकडे किंवा ‘वॉर्म’, ‘कूल’ असे शब्द असतात. चित्रकार तांबड्या-पिवळ्याला उष्ण रंग म्हणतो, पण येथे आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. भट्टीतले लोखंड आधी लाल होते आणि जास्त तापले की पांढऱ्याकडे जाते, त्याच हिशेबाने ही मोजणी केलेली आहे. छायाचित्रे दाखवायची तर ६५०० च्या आसपासचा पर्याय घ्यावा. ‘कलर’चे बटण मात्र शक्यतो मधोमधच राहू द्यावे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि नंतर आमच्या वाडीत पहिला रंगीत संच आला, तेव्हा रंगाचे पैसे मोजले आहेत म्हणून मालकांनी ते बटण शेवटपर्यंत पिळून ठेवले होते. बातम्या देणाऱ्या बाई रोज शेंदूर फासलेल्या दिसत. तीच हौस प्रोजेक्टरवर पुरवली तर साका झालेली फोडही केशरी दिसेल, आणि आमच्या कामासाठी ते उलट दिशेने तितकेच घातक आहे. ‘शार्पनेस’ वाढवल्याने प्रत्येक ठिपक्याभोवती एक पांढरी कड उमटते, जी झाडावरच्या पानावर नसते.

यंत्र बुटक्या टेबलावर ठेवून पुढचा पाय उंचावला की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते, आणि मग ‘कीस्टोन’ने ते ओढूनताणून चौकोनी केले जाते. त्यात टिंबे वाया जातात आणि अक्षरे बोथट होतात. आम्ही टेबलाखाली प्रत्येक पायाला एकेक जांभ्याचा चिरा दिला आणि कीस्टोन शून्यावर आणला.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी सातला, त्याच वक्त्यांना पुन्हा बोलावले. मी निर्धास्त होतो. पहिलेच चित्र पडद्यावर आले आणि सहाही फोडी केशरी दिसल्या, ताटलीसुद्धा हळदीची. माघातल्या त्या दुपारी सगळ्यांत साका होता, आता एकातही नव्हता. माझी मेनूतली सारी खटपट करून झाली, घाम फुटला, आणि मग नववीतल्या त्या मुलाने लॅपटॉपमध्ये पाहिले. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सूर्यास्तानंतर आपोआप निळा प्रकाश कमी करणारी ‘नाइट लाइट’ची सोय चालू होती आणि तीच प्रोजेक्टरपर्यंत पोहोचत होती. ती बंद केली. यानंतर मी एक खबरदारी घेऊ लागलो आहे, ती अशी की, कार्यक्रमाआधी पांढऱ्या कागदावर ठेवलेले कलमाचे पान, जांभ्याचा तुकडा आणि माझा तळहात यांचे स्वच्छ उजेडात काढलेले एक छायाचित्र पडद्यावर टाकायचे. कागद, पान, दगड आणि हात हे चौघे ओळखीचे दिसले, तरच पुढे जायचे. हिरवटपणा किंवा पिवळेपणा आकड्यांआधी तळहातावर कळतो.

त्या संध्याकाळी फोडींचे चित्र पुन्हा दाखवले गेले तेव्हा दोन फोडींबाबत सभागृहाचे एकमत झाले आणि तिसऱ्या एका फोडीवरून वाद झाला. कोयीलगत अगदी बारीक फिकट पट्टा होता, तो साकाच आहे असे एका वृद्ध बागायतदारांचे म्हणणे पडले आणि वक्त्यांनी ते मान्य केले. तेथून चर्चा फळ झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवण्याच्या वेळेवर गेली, उतरवलेली फळे तापलेल्या जमिनीवर न ठेवता सावलीत ठेवण्यावर गेली, साका न होणाऱ्या रत्ना या वाणाची कलमे बांधावर लावावीत का यावर गेली, आणि दहा वाजले तरी लोक उठेनात. कार्यक्रम त्यासाठीच ठेवला होता.

नवे यंत्र घेणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. खोक्यावरील लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा पांढऱ्या प्रकाशाचा असतो. पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर मोजलेल्या प्रकाशावरून काढलेला ‘एएनएसआय’ आकडा निदान विश्वासार्ह असतो, नुसत्या ‘लुमेन’चा स्वस्त यंत्रांवरील आकडा तेवढाही नसतो. त्याखेरीज रंगीत प्रकाश किती, हे वेगळे मोजण्याची पद्धत २०१२ सालापासून प्रसिद्ध आहे. तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र पटले (पॅनेल) असलेल्या यंत्रांत हे दोन्ही आकडे सहसा सारखे असतात, चौथ्या भागाच्या चकतीवाल्या यंत्रांत रंगाचा आकडा बराच खाली असतो. दरपत्रक मागवताना हे दोन्ही आकडे मागवावेत. दिव्याचे आयुष्य म्हणून जे तास छापलेले असतात, ते उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असतात हेही ध्यानात असू द्यावे. आणि आपल्याकडील वीज पाहता यंत्राला इन्व्हर्टर जोडावा, कारण दिवा तापलेला असताना वीज गेली की पंखाही थांबतो आणि ती उष्णता आतच कोंडते. आषाढ-श्रावणात भिंगावर बुरशी चढू नये म्हणून यंत्र ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे, मात्र महिन्यातून एकदा तासभर चालवावे.

सभागृहाशी जुळवलेले सगळे आकडे आम्ही यंत्राच्या ‘यूझर’ या खणात साठवले आणि एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये बंद करून, यंत्राच्या पाठीला चिकटवले. गावातील दोन तरुणांना ते दाखवूनही ठेवले. चैत्रात क्रिकेटचा एक सामना सभागृहात दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिले, तर यंत्र पुन्हा ‘डायनॅमिक’वर. मैदान हिरवेगार दिसले, असे मुलांचे म्हणणे. त्यांना दोष देत नाही, सामना पाहायला तो प्रकार चांगलाच आहे. परंतु मेनूला कुलूप घालण्याची सोयही याच यंत्रात निघाली. ते आता घातले आहे, आणि त्याचा चार अंकी परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. सामन्याच्या दिवशी तो मागून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी यंत्र ‘यूझर’वर ठेवून द्यावे, असे ठरले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग